अब्बांचं दुसरं घर

दारव्ह्याची बिस्मिल्लाबी आईच्या कडेवर होती, तेव्हाच तिचे अब्बा मिस्त्रीकामासाठी जहाजानं मोंबासाला गेले. काही वर्षं पत्रं आली, मग तीही बंद झाली. तिकडं त्यांनी दुसरा संसार थाटला, असं अम्मीनं मनाशी पक्कं धरलं आणि मरेपर्यंत त्यांचं नाव घरात काढू दिलं नाही.

म्हातारपणी बिस्मिल्लाबीला मात्र त्या दुसऱ्या घराचीच आस लागली. तिला सख्खं भावंड नव्हतं. तिकडं एखादा सावत्र भाऊ तरी असेल. तिच्या हट्टापायी नात माहनूर मोंबासाच्या आणि मुंबईच्या जुन्या दप्तरखान्यांना ईमेल करत राहिली.

काल उत्तर आलं. मोबाइलवर वाचता वाचता माहनूरनं मध्येच मान वर केली.

"काय झालं वं? किती पोरं हायेत त्यायले?" बिस्मिल्लाबीनं अधीर होऊन विचारलं.

"दादी, तिकडं कोणीच नाही. पत्रं बंद झाली, त्याच साली ते वापस आलते. एकटेच. मुंबईले जहाजातून उतरल्याची नोंद हाय."

"मंग मुंबईतच राह्यले का?"

"ते काही समजत नाही. उतरताना पुढं कुठं जाणार म्हणून विचारलं, तर त्यायनं दारव्हा सांगतलं, असं नोंदीत हाय."




"म्हंजे अब्बा घरीच याले निघाले होते," बिस्मिल्लाबी म्हणाली, "अन् आमी त्यायले कधी शोधलंच नाही."