मागे घेतलेली तारीख

सिंदी गावात रूपरावांच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून त्यांच्या लेकीचा नर्सिंगचा अर्ज काही केल्या जाईना. अर्ज पाठवायचा प्रोग्राम हर्षानं लिहिलेला, म्हणून तान्हं लेकरू सासूजवळ ठेवून ती धावत आली. मुदत पाचपर्यंतच होती. अर्ज गेला नाही तर दिवाळीत लग्न, असं रूपरावांनी लेकीला, आकांक्षाला, बजावलेलं.

अर्ज जिथे जायचा त्या सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही, एवढंच स्क्रीन सांगत होती. हर्षानं सगळा कोड दोनदा तपासला. मग तिची नजर कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. बाहेर जून संपत आला होता आणि तिथे मार्च २००७ होता. मे महिन्यात दिलेलं प्रमाणपत्र त्या कॉम्प्युटरच्या लेखी अजून जन्मलंच नव्हतं.

"काका, तारीख कोनं बदलवली?"

"मीच. पोरीसाठी पत्रिका जुळवून राह्यलो ना. ते फुकटातलं सॉफ्टवेअर महिन्यात बंद पडते, म्हणून तारीख मागं घेतो."

"आजची तारीख टाकली त अर्ज जाईन. पण एकदा खरी तारीख दिसली का ते पत्रिकेचं कायमचं बंद पडन."

शेजारी उभ्या लेकीकडे पाहून रूपराव खुर्चीवरून उठले.



"मी चहा सांगून येतो. तवरक तुम्ही पोरी काय कराचं ते करा."