युटाचा हात

"नखं गुलाबी आहेत," वोल्मार म्हणाला. "विष असतं तर निळी पडली असती."

वोल्मार शल्यवैद्य. उभी हयात लढायांमध्ये हातपाय कापण्यात गेलेली. समोर फळीवर किल्ल्याच्या थोरल्या बाईसाहेब ओडिलिया निजल्या होत्या. कालच त्याने त्यांचा निखळलेला खांदा बसवला होता. अफूत भिजवलेला बोळा हुंगवून गुंगी आणली, सूज उतरावी म्हणून कोपराशी चीर देऊन रक्त काढलं. संध्याकाळी दासी युटाने त्यांना गरम वाइन पाजली आणि सकाळी त्या उठल्याच नाहीत.

"मग आई गेली कशाने?" त्यांचा मुलगा गेर्लाखने विचारलं. "काल तर माझ्यावर ओरडत होती."

वोल्मारने बाईसाहेबांचा हात उचलून सोडला. तो सैल खाली पडला.

"बघा. विषाने मेलेलं शरीर लाकडासारखं ताठतं. वय झालं होतं, सरदार. झोपेतच गेल्या."

"आणि तुझा तो बोळा?"

"शंभरदा वापरलाय. सगळे उठून मला शिव्या देत घरी गेले."

गेर्लाखचं समाधान झालं नाही. पाद्रीबाबांनी पहाटेच नाकाशी पीस धरून पाहिलं होतं, ते हललं नव्हतं. आता त्यांनी रीत सांगितली. किल्ल्यातल्या प्रत्येकाने प्रेतावर हात ठेवायचा. खुन्याचा हात लागला की जखमेतून रक्त वाहतं.

जखम उघडी हवी, म्हणून वोल्मारनेच कोपराच्या चिरेवरची पट्टी सोडली.

"माझे गुडघे कसे वाजतायत बघ," दाराशी उभी युटा पुटपुटली.

"अगं, तुझे गुडघे वीस वर्षं वाजतायत."

"थट्टा नको रे. सरदारांना मी कधीच आवडले नाही. लटकवतील मला."

"तू काही केलंयस?"

"चाळीस वर्षं बाईसाहेबांचे केस विंचरले मी, वोल्मार!"

"मग निर्धास्त हात ठेव. देव काय आंधळा आहे?"

एकेक जण आला, बोटाचं टोक लावून भीत भीत मागे सरला. काही झालं नाही. वोल्मारचा जीव भांड्यात पडत चालला होता.

युटा शेवटी आली. तिने बोट लावलं नाही. बाईसाहेबांचा गार हात दोन्ही हातांत घेतला आणि रडत रडत कोपरापासून मनगटापर्यंत चोळू लागली. दर हिवाळ्यात सकाळी चोळायची तसाच.

चिरेतून एक थेंब आला. मग ओघळ.

आरडाओरडा झाला. युटाने फक्त वोल्मारकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. आपण मनापासून हिची बाजू घेतली आणि देवाने सगळ्यांसमोर नाही म्हटलं, याची त्याला लाज वाटली. मग तिचा रागही आला.

"मी नुसती ऊब देत होते रे!" तिला नेताना ती ओरडत होती. दुपारी तिला वेशीवर फाशी दिलं. त्याच वेळी प्रार्थनाघराखालच्या तळघरात, पायऱ्यांच्या तळाशी, बाईसाहेबांना ओट्यावर निजवलं आणि वरच्या लोखंडी दाराला कुलूप घातलं.

महिनाभर युटाचं नाव कुणी काढलं नाही. वोल्मारला मात्र ती ओरड ऐकू यायची आणि जेवण जायचं नाही.

तिसाव्या दिवशी प्रार्थनेसाठी तळघर उघडायचं होतं. पाद्रीबाबांनी कुलूप काढलं. वोल्मारने दार आत ढकललं. ते थोडं उघडलं आणि कशाला तरी अडलं. त्याने फटीतून दिवा आत धरला.

दाराला पाठ टेकून, सगळ्यात वरच्या पायरीवर, बाईसाहेब बसल्या होत्या.