कच्चा जोड

डॉक्टरबाईंनी पर्समधून बंदूक काढली आणि पक्केकाकांच्या टेबलावर, उघड्या पडलेल्या मिक्सरशेजारी ठेवली.

"घाबरू नका काका, खोटी आहे. सिनेमातली."

काका घाबरलेच होते. खोटी आहे हे कळल्यावर जास्तच घाबरले. ही बंदूक चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः बनवली होती. म्हणजे हीच नव्हे, ही तिची नक्कल. पण तीच आखूड नळी, नळीवर तीच तीन भोकं आणि चापाच्या वर तोच लाल दिवा. त्या दिव्याकडे बघवेना, म्हणून त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

डॉक्टरबाई वरच्या मजल्यावर दात काढत. अर्धी गल्ली त्यांना टरकून असे, आणि काकांची अक्कलदाढही त्यांनीच काढलेली. त्या बाई आज शाळकरी मुलीसारख्या बोलत सुटल्या होत्या.

"पार्सलने मागवली. आली तेव्हा शुद्ध प्लास्टिकचं खेळणं होतं हो. मग चाप पितळेचा करून घेतला. कवळ्यांच्या मसाल्यातून मूठ ओतली. पेशंट नसले की दात कोरायच्या मशिनने रंग खरवडत बसायचे, जुनी दिसावी म्हणून. घरचे म्हणतात, या वयात हे काय खूळ! म्हणू देत. सगळं जमलं, काका. फक्त दिवा राहिलाय."

दिवा म्हटल्यावर काकांना ती पहिली बंदूक आठवली.

तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि सिनेमाचं सामान बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. शेवटच्या प्रसंगात नायक यंत्रमानवावर बंदूक रोखतो, दिवा पेटतो, गोळी सुटते आणि मागची काचेची भिंत फुटते. भिंत एकच होती, त्यामुळे शॉटही एकच. नायकाने चाप ओढला, दिवा पेटला आणि लुकलुकायला लागला. आतला सोल्डरचा जोड कच्चा राहिला होता. भिंत मात्र वेळेवर फुटली. "एका कच्च्या जोडाने माझा सिनेमा खाल्ला," दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाला. संध्याकाळी नोकरी गेली.

बायकोला त्यांनी वर्कशॉप बंद पडलं असं सांगितलं. मग गाव सोडलं, हे दुरुस्तीचं दुकान टाकलं. तो सिनेमा कधी पाहिला नाही. टीव्हीवर लागलाच तर ते पाणी प्यायला उठत, आणि सिनेमा संपेपर्यंत त्यांची तहान भागत नसे. तेव्हापासून प्रत्येक जोड दोनदा द्यायचा, चिमट्याने ओढून बघायचा आणि "पक्कं!" म्हणायचं. नाव त्यावरूनच पडलं. भिंतीवर पाटी होती, 'जोड सुटल्यास दुरुस्ती फुकट.' आजवर फुकट दुरुस्तीला कुणी आलं नव्हतं.

काकांनी मुठीचे स्क्रू काढले. आतल्या तारा बघून त्यांना जरा धीर आला. निदान या बंदुकीचा दिवा तरी सरळ जळेल.

"असा जोड देतो, डॉक्टर, की जन्मात लुकलुकणार नाही."

"अहो, नको!" बाईंनी बंदुकीवर हातच ठेवला. "लुकलुकायलाच हवाय तो!"

काकांनी हातातला स्क्रू खाली ठेवला.

"तीन जणांकडे नेऊन झाली. एकाने तर सिग्नलसारखी उघडझाप करून दिली. सिनेमात तसं नाहीये. तो यंत्रमानव म्हणजे नायकाचा भाऊच की हो, लहानपणापासून बरोबर वाढलेला. त्याच्यावर गोळी झाडायची वेळ येते आणि बंदूकच कचरते! पेटते, विझते, पुन्हा पेटते. दहा वर्षांची होते मी. थेटरात इतकी रडले की आईने बाहेर नेलं. त्या एका लुकलुकीसाठी लोक अजून तो सिनेमा बघतात, काका. ज्याला हे सुचलं ना, त्याचे हात सोन्याने मढवायला हवेत."

काकांनी पुन्हा चष्मा काढला. या वेळी तो खरोखरच ओला झाला होता. छातीवरचा धोंडा इतक्या वर्षांनी कुणीतरी, दुसरंच काहीतरी बोलता बोलता, सहज उचलून बाजूला ठेवला होता. त्यांना मोठ्याने हसावंसं वाटलं. ते नुसतेच खाकरले आणि सोल्डरिंगची सळई तापत ठेवली.

पण हात ऐकेना. पहिला जोड पक्का झाला. उकलून दुसरा दिला, तो त्याहून पक्का. चांगली सवय मोडणं किती कठीण असतं, हे काकांना साठी उलटल्यावर कळत होतं. तिसऱ्या वेळी सोल्डर गार व्हायच्या आतच त्यांनी तार जराशी हलवली. बाविसाव्या वर्षी, शूटिंग बघायला पळायच्या घाईत, हलली होती तश्शी.

डॉक्टरबाईंनी मिक्सरवर नेम धरून चाप ओढला. दिवा पेटला, कचरला, विझता विझता पुन्हा पेटला.

"हाच!" बाईंचे डोळे भरून आले. "अगदी हाच! तुम्हाला कसं जमलं हो?" मग त्यांची नजर भिंतीवरच्या पाटीवर गेली आणि त्या एकदम धास्तावल्या. "काका, हा पुढे कधी नीट तर होणार नाही ना? गॅरंटी काय?"

काकांनी सळईचं बटण बंद केलं.

"चाळीस वर्षांत झाला नाही, डॉक्टर. सिनेमातला तो पहिला जोडही माझ्याच हातचा आहे."