निर्जळी

कलेक्टरसाहेबाने नव्या नळाची तोटी फिरवली, चांदीचा पेला भरला आणि म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांपुढे धरला. "रावबहादूर, पहिला घोट तुमचा."

गोऱ्या साहेबाच्या हातचं पाणी! रावबहादूर टिपणीस चटकन मागे सरले. "आज माझी एकादशी, साहेब. निर्जळी."

"एकादशी काल झाली ना?"

"ती स्मार्त. आमची भागवत."

पेला हुकमीचंद शेठांकडे वळला. शेठजींना नेमकं तेव्हाच आठवलं की आपण आत्ताच दूध प्यायलोय. इनामदारांनी तर काशीयात्रा होईपर्यंत घराबाहेरच्या पाण्याला शिवायचं नाही, असा संकल्प उभ्याउभ्या सोडला. शहर वसवणारी ही तीन थोर घराणी. तिघांची नावं नळावरच्या शिळेत कोरलेली आणि त्याखाली 'सर्वांसाठी खुला'.

दोरीपलीकडच्या गर्दीतून गावकुसाबाहेरची गोजरा पुढे आली. "मला द्या सायेब. मला कसलाबी उपास न्हाई."

साहेबाने खुशीत तोटी सोडली. ती ओंजळीने पोटभर प्यायली. साहेबाने टाळ्या वाजवल्या, म्हणून त्या तिघांनाही वाजवाव्या लागल्या.

साहेबाची बग्गी वळणाआड गेली, आणि एरवी सभेतल्या खुर्च्यांवरूनही भांडणाऱ्या म्युनिसिपालिटीने आयुष्यातला पहिला एकमताचा ठराव केला: तोटी दुरुस्तीसाठी काढून ठेवावी.

सकाळी गोजरा घागर घेऊन आली. तोटीच्या जागी लाकडी बूच ठोकलेलं होतं. तिने मान वर करून शिळेवरच्या नावांकडे पाहिलं.

"आजून उपास सुटला न्हाई व्हय मालकांचा?"