मंगळवारची वीज

बांधण्यापासून पाडण्यापर्यंत सगळा हिशेब धरला, तर मातीचं घर सिमेंटच्या बंगल्यापेक्षा कितीतरी कमी ऊर्जा खातं, हे मला माझ्या प्रबंधात सिद्ध करायचं होतं. म्हणून ओमानमधल्या निझवा गावातल्या शम्सामावशींच्या जुन्या घरात मी मीटर बसवला. हातभर जाड भिंती, छपरावर सोलर, राहणारी एकटी बाई. एरवी मीटर पेंगत असायचा, पण दर मंगळवारी दुपारी आकडा असा उसळायचा, जणू घरात लग्न आहे.

"खलफान, ही म्हातारी तुझा प्रबंध बुडवणार," माझे मार्गदर्शक डॉ. नबहान वैतागून म्हणाले. "शेजाऱ्यांना वीज देते की काय, विचार तिला. नाहीतर दुसरं घर शोध."

नेहमीसारखा मंगळवारी मीटर बघायला गेलो. मावशींनी मला बैठकीत बसवलं, एसी आणखी गार केला, ओव्हनमधली गरम रोटी पुढे ठेवली, विजेच्या धुपाटण्यात लोबान टाकला आणि कहवा ओतत राहिल्या. शेवटी पुरे म्हणून मी रिकामा पेला हलवला आणि भीतभीतच विषय काढला.

"मावशी, रागावू नका. पण दर मंगळवारी दुपारी या घरात असतं तरी काय?"

मावशींनी कहव्याचं भांडं खाली ठेवलं.



"काय असतं म्हणजे? अरे, तू येतोस ना!"