लोरीनबाईंचा नेम

एल्डनने चकरी उघडली, काडतुसांची घरं रिकामी असल्याचं दाखवलं आणि मगच ते चिमुकलं रिव्हॉल्व्हर लोरीनबाईंच्या हातात दिलं. केंटकीतल्या त्याच्या बंदुकांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईपुढे तो आधी हेच ठेवायचा.

"एकदम हलकं आहे. पर्समध्ये टाकलंत तरी कळायचं नाही."

"शाळेत तुला बीन्स वाढताना मी पर्स मिरवत उभी असायचे का रे?"

एल्डनला हसू आलं. बाईंची सत्तरी उलटली होती, संधिवाताने बोटं वाकली होती, जीभ मात्र तशीच होती. त्या का आल्यात हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. जावई क्ले शुक्रवारी तुरुंगातून सुटणार होता. मारहाणीला कंटाळलेली मुलगी पोरांना घेऊन बाईंकडेच राहत होती, आणि 'तिला फरफटत नेईन' असा निरोप त्याने आधीच धाडला होता.

दुकानामागच्या मातीच्या बांधावर लावलेल्या निशाणाच्या कागदावर बाईंनी एक जोरकस काडतूस उडवलं. हात पार कपाळापर्यंत उसळला. कागद कोरा तो कोराच.

"मेल्या, मनगटाचे बारा वाजवलेस! ते पोलादी दे. जड असेल तर लाथ कमी मारेल."

"बरं. पण काडतुसं तरी हीच घ्या."

"नकोत. सरावाची असतात ना, सपाट तोंडाची, ती दे."

"अहो, ती फार मवाळ असतात."

"लागतात ना?"

लागली. बाई दम खात, ओठ मुडपून एकेक बार काढत गेल्या आणि पाचही भोकं एका बशीत मावतील अशी पडली. एल्डन बघतच राहिला. गावातल्या भल्याभल्या शिकाऱ्यांना त्याने हत्यारं विकली होती, पण इतक्या थंड डोक्याचं गिऱ्हाईक त्याच्याकडे आलं नव्हतं. बाईंचा त्याला मनापासून अभिमान वाटला.

खरेदीचे सोपस्कार आटोपल्यावर एल्डन तो भोकं पडलेला कागद चुरगळून टाकणार, तोच बाईंनी हात धरला.

"राहू दे. चिकटपट्टी आहे का?"

"कशाला?"

"दाराला बाहेरून लावते. नातवंडांचा बाप आहे रे तो. उंबऱ्याबाहेरूनच परत गेला तर बरं."

एल्डनने आख्खं रीळ दिलं. कागदाची सुरळी छातीशी धरून बाई गाडीपाशी पोचल्या, तेव्हा कुठे त्याचं लक्ष गेलं. रिव्हॉल्व्हर काउंटरवरच राहिलं होतं.