पूल शाबूत आहे

टीव्हीवरच्या वार्ताहर ताईला आता कुणी साधा रस्ता विचारला, तरी तिची मान खाली जाते.

त्या सकाळी शहरावर तोफा चालू होत्या. ती गच्चीवर कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, तेवढ्यात तिच्या गाडीचे ड्रायव्हरकाका धापा टाकत वर आले. "ताई, माझी लेक नदीच्या पलीकडच्या काठाला अडकलीय. फोन लागेना, पण टीव्ही लावून बसली असेल. पूल आहे की गेला, तेवढं सांगा ना!"

ताईला मोघम बोलणं जमतच नसे. "ही स्वप्नंसुद्धा पत्त्यासकट बघते," असं कॅमेरामन चिडवायचा.

थेट प्रक्षेपण सुरू झालं. ऊर भरून ती म्हणाली, "पूल शाबूत आहे! आत्ताचा गोळा पुलाच्या शंभर पावलं अलीकडे, पिठाच्या गिरणीवर पडलाय. माणसं पूल ओलांडून येताहेत."

काकांनी डोळे पुसले. "पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो."



बातमी ऐकून निघालेली लेक पुलाच्या मध्यावर आली, तोवर तीच बातमी ऐकून तोफवाल्यांनी आपला नेम शंभर पावलं पुढे सरकवला होता.